पिवळा लुकलुकतोय... जायचं की थांबायचं?

लाल म्हणजे थांबा, हिरवा म्हणजे सुटा, हे नर्सरीतल्या पोरालाही पाठ असतं. पण रात्रीच्या सामसूम चौकात नुसताच पिवळा लुकलुकत असेल तर? दिवाळीच्या सुट्टीत गोंदियाला घरी गेले आणि या प्रश्नाचं उत्तर चक्क गुडघा सोलून शिकून आले. तुमच्यावर ती वेळ येऊ नये, म्हणून हा लेख!

गोंदिया कुठे आलं, असं पुण्यातल्या फ्रेंड्सनी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असतं. कोल्हापूरहून येणाऱ्या महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये पुण्याला बसायचं, मस्त झोपायचं, उठायचं, परत झोपायचं आणि गाडी जिथे पुढे जायचंच बंद करते तिथे उतरायचं. तेच आमचं गाव. राइस मिल्सचं, धानाचं. पूर्वी भंडारा जिल्ह्यात होतं, १ मे १९९९ ला स्वतःचा जिल्हा झाला. मध्य प्रदेश आणि छत्तीसगड दोन्ही हाकेच्या अंतरावर, त्यामुळे भांडण झालं तर मराठीत सुरू होऊन हिंदीत संपतं. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढे एक भांडण येणार आहे.

तर दिवाळी नुकतीच झाली होती. आमच्याकडे त्यानंतर गावोगावी मंडईचा सीझन. दिवसा बाजार, पाळणे, जिलबी आणि रात्री दंडार नाहीतर नाटक. त्यात धानाची कापणी चालू. म्हणजे एरवी नऊला झोपणारा रस्ता त्या दिवसांत मध्यरात्रीपर्यंत जागा असतो. धाकटा भाऊ नागपूरहून रात्रीच्या गाडीने येणार होता. बाबांची स्कूटर काढली आणि निघाले त्याला घ्यायला. पावणेबारा वाजले होते. थंडी मस्त होती, रस्ता मोकळा होता आणि डोक्यात पुण्याचा स्पीड होता.

वाटेतल्या एका चौकात सिग्नल लुकलुकत होता. पिवळा. चालू-बंद, चालू-बंद. माझ्या डोक्याने त्याचं केलेलं भाषांतर सिंपल होतं : ‘सिग्नल झोपलाय, आपण सुटा.’ माझा रस्ता रुंद, आडवा येणारा अरुंद. मग थांबायचं दुसऱ्याने, बरोबर ना?

चौकाच्या मधोमध पोचले आणि उजवीकडून ट्रॅक्टर आला. मागे धानाच्या पोत्यांनी भरलेली ट्रॉली. तिला रिफ्लेक्टर नाही, टेललॅम्प नाही, काहीच नाही. दोन्ही ब्रेक करकचून दाबले. स्कूटर घसरली, मी घसरले आणि ट्रॉलीचं चाक माझ्यापासून हातभर अंतरावर थांबलं. हातभर म्हणजे खरंच हातभर. नंतर रात्रभर मी ते अंतर मोजत होते.

ट्रॅक्टरवाला उतरला. माझ्याच वयाचा असेल. तो घाबरला होता, म्हणून ओरडला. मीही घाबरले होते, म्हणून मीही ओरडले.

‘‘दीदी, मेरा सिग्नल चालू था!’’

‘‘अरे, चालू तर माझा होता!’’

दोघांनी एकदमच मान वर करून बघितलं. त्याच्या बाजूलाही पिवळाच लुकलुकत होता.

दोघांचंही बरोबर, म्हणजे दोघांचंही चूक

घरी पोचल्यावर आईने हळद लावली, भावाने फोटो काढला आणि बाबा गप्प बसले. आमचे बाबा गप्प बसले की समजायचं, मामला सीरियस आहे. बऱ्याच वेळाने म्हणाले, ‘‘शेजारच्या काकांच्या पायात रॉड कशाने आला, माहीत आहे ना तुले?’’

माहीत होतं. चार वर्षांपूर्वी काका पहाटे फिरायला म्हणून सायकलवर निघाले होते. अशाच एका चौकात बाइकवाल्या पोराची धडक बसली. काकांची मांडी मोडली, पोराचं खांद्याचं हाड. दोन्ही घरं महिनोन्महिने एकमेकांना दोष देत राहिली आणि दोघांचंही वाक्य एकच होतं, ‘पिवळा होता, म्हणजे रस्ता माझाच होता.’ काका शिक्षक होते. रिटायर झाल्यावर रोज सकाळी पाच किलोमीटर सायकल मारायचे. आता गेटपर्यंत काठी घेऊन येतात आणि पेपरवाल्याशी गप्पा मारतात.

‘‘काहून एवढी घाई करून राहिली होती बेटा? गाडी तर लेटच होती,’’ बाबा म्हणाले. त्या वाक्यानंतर गुडघ्यापेक्षा दुसरंच काहीतरी जास्त दुखायला लागलं.

दुसऱ्या दिवशी मी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर प्रश्न टाकला : ‘पिवळा लुकलुकत असेल तर काय करता?’ सगळे शिकलेले, सगळ्यांकडे लायसन्स, काहींकडे तर दोन-दोन गाड्या. ‘हॉर्न मारून घुसायचं’, ‘सिग्नल बंद आहे असं समजायचं’, ‘डिपर द्यायचा, समोरचा थांबतो’, ‘पोलीस नसेल तर काहीच नाही करायचं’. एकीने तर विचारलं, ‘तो नॉर्मल पिवळ्यापेक्षा वेगळा असतो का?’

असतो, बॉस. खूपच वेगळा असतो.

फंडे क्लिअर करा

गंमत म्हणजे हे आपण सगळे एकदा परीक्षेत लिहून आलोय. लर्निंग लायसन्सच्या टेस्टमध्ये जे प्रश्न विचारतात, त्यांत हे दोन्ही दिवे आहेत. उत्तर टिक करायचं, लायसन्स घ्यायचं आणि विसरून जायचं, ही आपली पद्धत.

लुकलुकणारा पिवळा : स्पीड कमी करा, चौक बघा, सुरक्षित आहे अशी खात्री झाली तरच पुढे जा. थांबलंच पाहिजे असं नाही, पण थांबता येईल इतक्या स्पीडने यायचं. हा दिवा तुम्हाला रस्ता देत नाही. तो फक्त सांगतो की इथून पुढचं तुमचं तुम्ही बघा.

लुकलुकणारा लाल : इथे थांबायचंच. स्टॉप लाइनच्या अलीकडे, चाकं पूर्ण थांबेपर्यंत. मग दोन्हीकडे बघायचं, पायी चालणाऱ्यांना जाऊ द्यायचं आणि मोकळं असेल तर निघायचं. साध्या लालमध्ये आणि यात फरक एवढाच की इथे हिरव्याची वाट बघत बसायचं नसतं.

न लुकलुकणारा, स्थिर पिवळा : हा तिसरा भाऊ, आणि सगळ्यात जास्त अन्याय याच्यावरच होतो. हा लागला की थांबायचं. स्टॉप लाइनच्या इतके जवळ पोचला असाल की ब्रेक मारला तर मागचा येऊन धडकेल, तेवढ्यापुरतीच सूट. आपण मात्र याचा अर्थ ‘अ‍ॅक्सिलरेटर पिळा’ असाच घेतो.

आता मेन लोचा. तुमच्या बाजूला पिवळा लुकलुकतोय म्हणून आडव्या रस्त्यावर लाल लुकलुकत असेल, असं गृहीत धरू नका. काही ठिकाणी मोठ्या रस्त्याला पिवळा आणि छोट्याला लाल देतात. पण आपल्याकडे रात्री बहुतेक वेळा चारही बाजूंना पिवळाच असतो. दुसऱ्याला कुठला रंग दिसतोय ते तुम्हाला दिसत नाही, आणि तुमचा त्याला दिसत नाही. चारही जणांनी ‘माझा रस्ता’ म्हटलं की काय होतं, ते माझ्या गुडघ्याला विचारा.

मग आधी कोण?

सिग्नल लुकलुकतोय म्हणजे आता चौकाला हुकूम देणारं कोणी नाही. तेव्हा बिनसिग्नलच्या चौकाचा नियम चालतो. तो नियम सोपा आहे आणि फारच थोड्यांना माहीत आहे : उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्या. एक रस्ता मुख्य रस्ता म्हणून ठरवलेला असेल तर त्यावरच्या गाड्यांना आधी. आणि वाहतूक बेट असेल, म्हणजे मध्ये गोल, तर आत आधीच फिरत असलेल्याला आधी.

१९८९ च्या रस्ता नियमांमध्ये हे होतं आणि त्यांच्या जागी आलेल्या २०१७ च्या मोटार वाहन ड्रायव्हिंग नियमांमध्येही आहे. म्हणजे माझ्या केसमध्ये? माझा रस्ता रुंद होता, पण रुंद म्हणजे आपोआप ‘मुख्य’ होत नाही. ट्रॅक्टर माझ्या उजवीकडून आला होता. आधी जायचा हक्क त्याचा होता. त्याची ट्रॉली अंधारात दिसत नव्हती, ही त्याची चूक. पण स्पीड माझा होता आणि ती चूक माझी एकटीची होती.

याला दोन अपवाद. चौकात ट्रॅफिक पोलीस उभा असेल तर सिग्नल काहीही सांगू दे, त्याचा हात फायनल. आणि फायर ब्रिगेड किंवा अ‍ॅम्ब्युलन्स सायरन वाजवत येत असेल तर उजवं-डावं विसरा, बाजूला व्हा. २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर त्यांना वाट न देण्याला १० हजार रुपयांपर्यंत दंड आहे.

आणि हो, चौकात सरळ जायचंय म्हणून चारही इंडिकेटर लावणारी जी जमात आहे, त्यांना साष्टांग नमस्कार. ते हॅझार्ड लाइट्स आहेत, बंद पडलेल्या गाडीसाठी. डावीकडून येणाऱ्याला तुमच्या गाडीचा डावाच दिवा दिसतो आणि त्याला वाटतं तुम्ही डावीकडे वळताय. म्हणजे चौकात आधीच एक लुकलुक होती, तुम्ही आणखी चार लावलेत.

पण सिग्नल लुकलुकतो कशाला?

दोन कारणं. पहिलं सरळ आहे. रात्री गाड्या कमी असतात, रिकाम्या चौकात ९० सेकंद लाल बघत कोणी बसत नाही. लोक तो तोडतात, आणि एकदा सवय लागली की दिवसाही तोडतात. त्यापेक्षा पिवळा लुकलुकत ठेवला तर वेळ वाचतो आणि सावधानही करता येतं. दुसरं कारण टेक्निकल. सिग्नलच्या खांबाजवळच्या पेटीत जो कंट्रोलर असतो, त्याला काही गडबड जाणवली, समजा दोन आडव्या रस्त्यांना एकाच वेळी हिरवा मिळतोय, तर तो सगळं सोडून लुकलुकायला लागतो. म्हणजे मशीन स्वतःच सांगतं की माझ्यावर भरवसा ठेवू नका. आपण नेमकं उलटं करतो आणि जास्तच बिनधास्त होतो.

सिग्नल बिघडण्याचा इतिहास सिग्नलइतकाच जुना आहे बरं का. जगातला पहिला ट्रॅफिक सिग्नल डिसेंबर १८६८ मध्ये लंडनला पार्लमेंटबाहेर लागला. गॅसवर चालायचा, पोलीस हाताने फिरवायचा. महिनाभरातच, जानेवारी १८६९ मध्ये, गॅसचा स्फोट झाला आणि तो चालवणारा पोलीस जखमी झाला. विजेचा सिग्नल यायला १९१४ उजाडलं, अमेरिकेतल्या क्लीव्हलंडमध्ये.

तुमच्यापैकी जे ऑनसाइट जातात, त्यांच्यासाठी एक सूचना. अमेरिकेत लुकलुकणारा लाल म्हणजे स्टॉप साइन. पूर्ण थांबायचं, मग आपली पाळी आली की जायचं. इंग्लंडमध्ये काही पादचारी क्रॉसिंगवर पिवळा लुकलुकतो, तेव्हा क्रॉसिंगवर माणूस असेल तर त्याला वाट द्यायची. आणि युरोपात रेल्वे फाटकावर लाल लुकलुकत असेल तर ‘बघून जातो’ हा प्रकार चालत नाही, तिथे थांबूनच राहायचं. दिवे तेच, अर्थ थोडे वेगळे. गाडी भाड्याने घ्यायच्या आधी वाचून घ्या.

हायवेवरची लुकलुक

शहरातला चौक एक वेळ परवडला. आमच्या जिल्ह्यात खरी परीक्षा बाहेर आहे. नागपूर-रायपूर हायवे सडक अर्जुनी, कोहमारा, देवरी असा जातो आणि कोहमाऱ्याहून गोंदियाकडे जो रस्ता फुटतो, त्याच्या वाटेत गावं आहेत, वळणं आहेत आणि जंगल आहे. अशा रस्त्यांवर फाट्याजवळ, शाळेजवळ, वळणावर सोलरचे ब्लिंकर लावतात. दिवसभर ऊन खायचं आणि रात्रभर लुकलुकायचं. त्यांचंही म्हणणं तेच : इथे काहीतरी आहे, हळू ये.

याच कोहमारा-गोंदिया रस्त्यावर २९ नोव्हेंबर २०२४ ला एसटीची शिवशाही बस उलटली आणि ११ जणांचा जीव गेला. वळणावर समोर आलेल्या दुचाकीला वाचवताना हे झालं, अशा बातम्या तेव्हा आल्या होत्या. याच रस्त्यावर मुरदोलीच्या जंगलात ऑगस्ट २०२३ मध्ये एक तरुण वाघ कारच्या धडकेने मेला. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा हा पट्टा. वाघाला पिवळ्या दिव्याचा अर्थ कळत नाही, तो आपल्यालाच कळायला हवा.

थोडं गणित करू, घाबरू नका. ६० च्या स्पीडला गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. समोरचं दिसून पाय ब्रेकवर पडायला साधारण एक सेकंद धरा. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच तुम्ही एक अख्खी एसटी आणि वर थोडं अंतर आंधळेपणाने पार केलेलं असतं. ३० ला तेच अंतर ८ मीटर होतं आणि २० ला साडेपाच. चौकात लुकलुकणारा पिवळा तुमच्याकडून मागतो तो एवढाच फरक.

देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातात १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. हा सरकारी आकडा आहे. त्यातली किती जणं ‘रस्ता माझाच’ असं म्हणत गेली, ते कुठल्याच रिपोर्टमध्ये लिहिलेलं नसतं.

‘चूक कुणाची?’ हा प्रश्न महाग पडतो

आपल्याला वाटतं की सिग्नल तोडला की पावती फाडायची, विषय संपला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर लाल सिग्नल तोडणं आणि स्टॉप साइन न पाळणं हे ‘धोकादायक ड्रायव्हिंग’मध्ये येतं. पहिल्या वेळी १ हजार ते ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. निष्काळजीपणामुळे कोणाचा जीव गेला तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आधी ती दोन वर्षांपर्यंत होती.

आणि नुकसानभरपाईची केस झाली तर कोर्ट फक्त समोरच्याची चूक बघत नाही, तुमचीही बघतं. तुमचा हलगर्जीपणा जेवढा, तेवढी भरपाई कमी. ‘पिवळा होता साहेब’ हा बचाव नाही. पिवळा होता, मग हळू का नाही झालात, हाच तर प्रश्न असतो.

पाकिटात ठेवा : लुकलुक गाइड

* पिवळा लुकलुकतोय : गॅस सोडा, ब्रेकवर बोट किंवा पाय तयार ठेवा, आधी उजवीकडे बघा, मग डावीकडे, परत उजवीकडे.
* लाल लुकलुकतोय : चाकं पूर्ण थांबवा. मोकळं दिसलं की निघा.
* सिग्नल पूर्ण बंद : बिनसिग्नलचा चौक समजा. उजवीकडून येणाऱ्याला आधी.
* रात्री अप्पर-डिपर द्या, पण दिला म्हणजे समोरचा थांबेलच असं समजू नका. त्यानेही डिपर दिलेला असू शकतो.
* मोठ्या गाडीच्या आडोशाने चौक पार करू नका. ती गेल्यावर मागून काय येतंय ते दिसत नाही.
* पायी चालणारा आधी. कायम.
* सिग्नल दिवसाही लुकलुकताना दिसला तर तो बहुधा बिघडलाय. ट्रॅफिक पोलिसांना कळवा.
* अपघात झालाच तर १०८ ला अ‍ॅम्ब्युलन्स, ११२ ला पोलीस. जखमीला मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे बघ्यांच्या गर्दीत उभे राहू नका.

परत तोच चौक

चार दिवसांनी भावाला परत सोडायला निघाले. पहाटेचे साडेपाच. धुकं होतं, टपरीवर नुकती चूल पेटली होती. भाऊ मागे बसून मोबाइलमध्ये गुंग. त्याचं लर्निंग लायसन्स गेल्याच महिन्यात आलंय, त्यामुळे स्कूटर मीच चालवणार यावर घरात एकमत नव्हतं, पण बाबांचं मत होतं आणि ते पुरलं.

तोच चौक आला. पिवळा लुकलुकत होता. मी गॅस सोडला. गाडी २० वर आली, मग १० वर. भाऊ म्हणाला, ‘‘ताई, कोणीच नाहीये. चल ना!’’

मी उजवीकडे बघितलं. धुक्यातून एक ऑटो आला, आमच्याकडे न बघताच फुल स्पीडमध्ये निघून गेला. त्याच्याही बाजूला पिवळाच होता. त्याला बहुतेक वाटत असणार, रस्ता त्याचाच आहे.

भावाने मोबाइल खिशात घातला. काही बोलला नाही. आमच्या घरात गप्प बसायची पद्धत वडिलांकडून आलीये. स्टेशनला उतरताना मात्र म्हणाला, ‘‘पुढच्या वेळी मी चालवीन. इथे हळू करीन.’’

गाडी फलाटावर लागलेली होती आणि सुटायला अजून दहा मिनिटं होती. आम्ही आरामात चहा प्यायलो.